वासाईच्या दारातली उलटी मुळं

नाणेखोलच्या चढावर डांबरी रस्ता संपतो आणि लाल पायवाट सुरू होते, तिथेच वासाई देवीची राई लागते. राईचं दार म्हणजे दोन उभे चिरे. त्यांच्या आत पाऊल टाकलं की नवख्या माणसाला आधी दिसतो तो एक ढीग. देवाच्या दारातला ढीग नारळाच्या शेंड्यांचा असायचा, हा आहे रोपांचा. वीतभर, हातभर, काही कमरेएवढीसुद्धा, आणि सगळी उलटी: शेंडे जमिनीला, मुळं आभाळाकडे. वरची अजून हिरवी असतात, खालच्यांच्या वाळून काड्या झालेल्या असतात. शहरातून आलेली मंडळी हे बघून हळहळतात. एवढी रोपं उपटली कुणी, असं कुणीतरी विचारतंच. मग चिऱ्याला टेकून बसलेला गुरव तोंडातलं पान एका गालात सारून म्हणतो, "आमीच. तुमीय एक उपटा, मगे आत जावा."

इथे नारळ लागत नाही, हार लागत नाही. राईच्या कडेला पिवळ्या फुलांच्या झाडाचं एक रोप शोधायचं, कोयता न लावता हातानं मुळासकट ओढायचं आणि ढिगावर उलटं ठेवायचं. रोप दमदार असलं तर ओढणारा मागच्या मागे बसतो आणि सगळे हसतात. हसलेलं देवीला चालतं. हे असं का, तर त्याची हकीकत अशी सांगतात.

पहिला नांगर या खोऱ्यात उतरला तेव्हा गावानं वासाईला शब्द दिला होता म्हणे: तुझ्या राईतलं काही मोडणार नाही, काही तोडणार नाही, काही बाहेर वाहून नेणार नाही. वाऱ्यानं आडवं झालेलं झाडही जिथे पडलं तिथेच कुजायचं. एकाच गोष्टीची मोकळीक होती, ती सुरंगीच्या कळ्यांची. कारण त्या देवीलाच लागत.

राईत तेव्हा सुरंगीचं दाट बन होतं. फाल्गुनात फांद्यांना अंगासरशी कळे लागत, आणि त्यांचा वास खाली वाडीपर्यंत येई. गुरवाघरची बाई पहाटे उमलायच्या आधी ते खुडी, थोड्यांचा वळेसर, म्हणजे गजरा, करून देवीला घाली आणि उरलेले वाळवून मडक्यात भरून ठेवी. सुरंगी वाळली तरी तिचा वास जात नाही. त्या वाळल्या कळ्यांनी वर्षभर कौल लावायचा. वासाई म्हणजे हात-पाय नसलेली, मुखवटा नसलेली गोल काळी शिळा. तिच्या मधोमध दोन खळगे. उजव्या खळग्यात एक कळा, डाव्यात एक. गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. एकदा लावलेला कळा पुन्हा लावायचा नाही. पेरणी कधी करावी, विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, सगळं वासाईला विचारून होई. विशेषतः लग्न. कौलाशिवाय नाणेखोलात अक्षता पडत नसत, आणि सुरंगीचा वळेसर डोक्यात असल्याशिवाय मुलगी सासरी जात नसे.

त्या दोन खळग्यांना गाव देवीचे डोळे समजे. कुण्या भाविकानं एकदा चांदीचे डोळे घडवून आणून त्यात बसवले. दुसऱ्या दिवशी ते खाली पडलेले. मेण लावलं, पुन्हा पडले. राळ लावली, तरी पडले. शेवटी देवीला चांदी आवडत नाही असं ठरवून ते डोळे पेटीत ठेवले, आणि त्यावर जास्त विचार कुणी केला नाही.

तर या देवीची पूजा ज्या घरात होती, त्या घरात चिमा नावाची सून आली. चिमा गुरवीण अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट आणि मनानं हौशी. देवळाला रांगोळी हवी, खांबांना गेरू हवा, असं तिचं. तिची एकच तक्रार होती. राई बारा महिने हिरवीगार, पण रंग म्हणून नाही. सुरंगीचं फूल पांढुरकं, तेही फांदीला चिकटलेलं. बघणाऱ्याला दिसतही नाही.

एकदा ती बंदरावरच्या बाजारात गेली असता तिनं एका साहेबाच्या बंगल्यापुढे एक झाड पाहिलं. पान दिसत नव्हतं, इतकं ते पिवळ्या फुलांनी भरलं होतं. चिमा उन्हात उभीच राहिली. साहेबाच्या मडमेनं ते कुठल्याशा दूरच्या मुलखातून आणवलं होतं, असं तिथल्या माळ्यानं सांगितलं. ती टक लावून बघतेय हे पाहून त्यानं एक वाळकी शेंग तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "घे. दगडावर टाकलीस तरी रुजेल."

माळी खरं बोलत होता. सगळ्या हकिकतीत इतकं खरं दुसरं कुणी बोललेलं नाही.

चिमानं ती शेंग पदराच्या गाठीत बांधून आणली आणि देवीच्या समोर माती उकरून बिया टाकल्या. "आये, तुझ्यासाठी सोना आणलंय," ती म्हणाली. तिला कुणी अडवलं नाही. अडवायचं कशाला? मोडायचं नाही, तोडायचं नाही, वाहून न्यायचं नाही, एवढाच नेम होता. आणायचं नाही असं वाडवडील म्हणाले नव्हते, कारण राईत कुणी काही आणून लावील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी झाड फुललं. आश्विनात देवीपुढे पिवळा मांडव पडल्यासारखा दिसला आणि सारा गाव बघायला लोटला. झाडाचं नाव पडलं मडम. चिमाचं कौतुक झालं. तेव्हाचे गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी दाजी गावकार, यांनी तिला सर्वांदेखत शहाणी म्हटलं, आणि दाजी सहसा कुणाला शहाणं म्हणत नसत.

मग मडमेला शेंगा लागल्या. त्या तडकल्या, बिया पडल्या. पाचाची पंचवीस झाली, पंचविसाची किती झाली ते मोजायचं लोकांनी सोडून दिलं. दुसऱ्या कुठल्या जमिनीवर असती तर कुणी गुराला घातली असती, कुणी चुलीत घातली असती. पण ही वासाईची राई. जे उगवलं ते देवीचं. त्याला हात कोण लावणार? ज्या शब्दानं राई राखली होती, त्याच शब्दानं मडम राखली. तिच्या दाट सावलीत सुरंगीचं रोप धरेना. जुनी सुरंगी एकेक करून वादळात पडली, तिच्या जागी मडम उभी राहिली. हे इतकं हळू झालं की कुणाला काही गेल्यासारखं वाटलंच नाही. उलट आश्विनात डोंगर पिवळाधमक दिसू लागला, आजूबाजूच्या गावांचे लोक बैलगाड्या जुंपून बघायला येऊ लागले आणि नाणेखोलवाले मिशांवर ताव देऊ लागले.

सुरंगीचे कळे मिळेनासे झाले तेव्हा चिमानं मडक्यावर झाकण ठेवलं आणि कौलाला मडमेची पाकळी लावायला सुरुवात केली. देवीचीच राई, देवीचंच फूल. कळ्याच्या जागी पाकळी, त्यात काय एवढं?

पण पाकळी पडेना. सकाळी लावलेली पाकळी तिन्हीसांजेला तिथेच. पाणी शिंपडलं तर आणखीच घट्ट बसली. दाजी गावकारांनी गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हणून घसे बसवले, कोंबडा कबूल केला, बकरा कबूल केला. वासाई होय म्हणेना आणि नाहीही म्हणेना. असं पाच वर्षं चाललं.

पेरणी काय, लोक पाऊस बघून करू लागले. पण लग्नं? कौल नाही तर लग्न नाही. पाच वर्षांत नाणेखोलात एक मांडव पडला नाही. गावात घोडनवरे इतके झाले की पारावर बसायला म्हाताऱ्यांना जागा मिळेना. ठरलेल्या सोयरिकी लटकल्या. त्यात चिमाची नात यमू होती. तिचं पलीकडच्या वाडीतल्या धाकू गुरवाशी ठरून चार वर्षं झाली होती. धाकू दर जत्रेला येई, दुरून यमूकडे बघे आणि परत जाई. या वर्षी मात्र त्याच्या बापानं निरोप धाडला होता: पुढच्या वैशाखापर्यंत तुमची देवी बोलली तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघू. यमू परसातल्या विहिरीवर पाणी काढायला जाई ती बराच वेळ परत येत नसे.

चिमा आता म्हातारी झाली होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी मडमेचा पिवळा रंग फिका झाला, मग राखाडी, मग नाहीसाच. वाटेची सवय होती म्हणून ती रोज राईत जाई आणि चाचपडत देवीला न्हाऊ घाली. आपली देवी का रुसली ते तिला कळत नव्हतं. आपल्याच हातानं पूजा होते आणि आपल्याच नातीचं लग्न अडतं, याचं तिला फार लागलं होतं.

त्याच वर्षी वैशाखात, असं सांगतात, यमू बरोबर असताना ती देवीपुढे बसली होती. बसल्या बसल्या तिच्या मनात आलं की आपण नवी नवरी म्हणून या राईत पहिल्यांदा आलो तेव्हा डोळ्यांवर पदर होता. काही दिसलं नव्हतं, तरी आपण देवळापाशी आलो हे कसं कळलं होतं? वासानं कळलं होतं. आज पदर नाही, पण डोळ्यांपुढे तोच अंधार. आणि वास? तिनं छाती भरून श्वास घेतला. कशाचाच वास नव्हता. एवढं सोन्यासारखं झाड, त्याच्या फुलाला वास तरी होता का कधी? चाळीस वर्षांत तिनं ते हुंगूनच पाहिलं नव्हतं.

तिनं कळशी घेतली आणि देवीला न्हाऊ घालायला लागली. बोटं त्या दोन खळग्यांत गेली. रोज जात होती, पण रोज डोळ्यांची जुनी सवय पुढे धावत होती. आज बोटं एकटी होती. खळगे एकमेकांच्या अगदी जवळ होते. डोळे इतके जवळ नसतात. आणि ते खाली झुकलेले होते. चिमानं बोटं आपल्या तोंडावर नेली, डोळ्यांवरून खाली आणली आणि थांबली.

"गे माझे आये!" ती ओरडली. "ह्ये डोळे न्हय गो! ह्या नाक तुझा!"

यमू धावली. तिला वाटलं आजीला चक्कर आली. आजी तर हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "चाळीस वर्षां तुका फुला दाखवलंय," ती शिळेला म्हणत होती, "आणि तुका होयो होतो वास! त्यात पाच वर्षां नाकात पाकळेचे बोळे कोंबलंय. तू बोलतलीस कशी?"

गावात सगळे समजत की वासाई म्हणजे जिचा या डोंगरावर वास आहे, जी इथे राहते ती. नाव तोंडात होतं आणि नावातला दुसरा अर्थ कुणाच्या नाकापर्यंत पोचला नव्हता. चांदीचे डोळे का पडत, तेही चिमाला त्या घटकेला कळलं.

ती यमूचा हात धरून घरी आली आणि माळ्यावरचं जुनं मडकं काढवलं. झाकण उघडलं तर अख्खं घर दरवळलं. तळाशी कळे राहिले होते. चिमानं चाचपून मोजले, सहा निघाले. सहा कळे म्हणजे तीन कौल.

दुसऱ्या दिवशी सारा गाव राईत जमला. दाजी गावकारही आता काठी टेकत होते, पण आवाज तोच होता. चिमानं पहिले दोन कळे भिजवून खळग्यांत लावले. दाजींनी गाऱ्हाणं घातलं: आये, तू रुसलीस ती या मडमेमुळे काय? मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते शब्द पुरे व्हायच्या आत उजवा कळा टपकन खाली पडला. पाच वर्षांनी देवी बोलली. बाया रडल्या, पुरुष खाकरले.

मग प्रश्न आला की मडमेचं करायचं काय. दाजी काठी आपटून म्हणाले, "चिमे, वाडवडलांनी दिलेलो सबद आसा. मोडूचा नाय, तोडूचा नाय, भायर न्हेवचा नाय. राईत कोयतो मी जिवंत आसय तवसर येवचो नाय."

"कोयतो कोणाक होयो?" चिमा म्हणाली. "उपटूचा नाय, असा खंय म्हटलाहा?"

तीन गोष्टी दाजींनी बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या. उपटणं त्यात नव्हतं.

"आणूचा नाय असा पण कोणी म्हणूक नव्हता," चिमा म्हणाली, आणि आता तिचा आवाज जरा खाली आला. "म्हणान मी आणलंय. चूक माझी. पण ज्या फटीतसून ता आत इला, त्याच फटीतसून जायत. उपटूया आणि हयसरच, दारात, उलटा करून ठेवया. भायर न्हेल्याचो दोष नको आणि मुळा परत धरूक नको."

"आणि मोठ्या झाडांचा काय? ती काय हातान उपटतली?" दाजींनी विचारलं.

"त्यांची फुला खुडूया. शेंग धरूक देवची नाय. पोरां तुमची पाच वर्षां बिनलग्नाची रवली मां? आता मडम रवांदे."

राईत असा हशा पिकला की झाडावरचे पक्षी उडाले. असंच करू का, म्हणून दुसरे दोन कळे लावले. उजवा पडला.

राहिले दोन. सगळ्यांना ठाऊक होतं ते कशासाठी. चिमानं ते स्वतःच्या हातानं लावले आणि विचारलं, आये, पोरांची लग्नं आता करू ना? यमू खांबामागे उभी होती. बराच वेळ काही हललं नाही. मग डावा कळा पडला.

मडक्यात आता एकही कळा नव्हता, आणि धाकूच्या बापानं दिलेली मुदत अकरा महिन्यांवर आली होती. "आजये, आता?" यमूनं विचारलं.

चिमा मात्र डगमगली नाही. "आता काय? नाय म्हणूक नाय ती. आधी काम, मगे लगीन, इतक्याच सांगता."

मग त्या पावसाळ्यात नाणेखोलात जे झालं ते आजवर झालं नव्हतं. पाच वर्षं अडलेले घोडनवरे आणि पाच वर्षं खोळंबलेल्या मुली, सगळे राईत उतरले. माती भिजलेली, रोपं सुटत होती. पहिल्या आठवड्यात दाराशी माणसाएवढा ढीग झाला. पलीकडच्या वाडीतून धाकू गुरव रोज ओढा ओलांडून येई आणि दोघांचं काम एकटा करी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी परतही पाठवलं नाही. कोण यमूच्या शेजारी उभा राहून रोप ओढतो ते चिमाला दिसत नसे, तरी ती चिऱ्यावर बसून बरोबर त्याच बाजूला तोंड करून खोकत असे. आश्विनात मडम फुलली तेव्हा पोरं झाडांवर चढली आणि फूल न् फूल खुडून खाली टाकलं. त्या वर्षी राईत एक शेंग धरली नाही.

आणि फाल्गुनात, राईच्या पोटात जी एकुलती म्हातारी सुरंगी उरली होती आणि जिला लोक वठली समजत होते, तिच्या एका फांदीला कळे आले. कुणी पाहिले नाहीत, आधी वास आला. भल्या सकाळी चिमा अंगणात दात घासत होती, ती तशीच थांबली आणि घरात हाक मारली, "यमू, चल. बोलावल्यान!"

ताजे कळे खळग्यांत लावले. दाजी गावकारांना गाऱ्हाणं पुरं करायलाही मिळालं नाही म्हणतात. उजवा कळा असा उडाला की त्यांच्या धोतराच्या निऱ्यांत जाऊन बसला. त्या चैत्र-वैशाखात नाणेखोलात सतरा लग्नं लागली. वाजंत्री पुरेनात, म्हणून दोन-दोन वराती एका सनईवर निघाल्या.

पहिलं लग्न यमूचं. एका फांदीच्या कळ्यांचा वळेसर तो केवढासा, पण डोक्यात घातला. सासरी निघताना ती देवीपुढे हात जोडून, मान लववून उभी राहिली. चिमानं चाचपडत तिचे खांदे धरले.

"मुखडो काय दाखवतंस तिका? पाठ फिरव."

यमू घाबरली. देवाला पाठ कुणी दाखवतं का? पण आजीनं तिला वळवलं आणि जरा मागे वाकवलं, तेव्हा केसांतला वळेसर त्या दोन खळग्यांपाशी आला. चिमाही तिथेच होती, शिळेला गाल लावून. देवी आणि चिमा, दोघींनी एकदमच श्वास घेतला असेल. "वास गावलो तिका," चिमा म्हणाली. नातीचं लग्न तिनं डोळ्यांनी पाहिलं नाही. पण पाहायचं काही राहिलं, असं ती पुढे कधी म्हणाली नाही.

आजही दारातल्या चिऱ्यापाशी एक थोराड मडम उभी आहे. तिची फुलं दर आश्विनात गावातली बिनलग्नाची मुलं-मुली खुडतात, आणि त्यात बऱ्याच सोयरिकी जुळतात. पक्ष्यांनी, वाऱ्यानं कुठून कुठून आणलेल्या बियांची रोपं अजून उगवतात, म्हणून ढीग कधी संपत नाही. आत सुरंगीचं बन मात्र पुन्हा धरलं आहे. पाहुणे मोबाईल काढतात तेव्हा गुरव अडवत नाही. "फोटो काढा खुशाल," तो म्हणतो, "पण थोडे डोळे मिटा. थयसर बघूचा असा काय नाय." आणि आजही नाणेखोलची मुलगी सासरी निघाली की हात जोडून झाल्यावर वळते आणि वासाईला पाठ करून क्षणभर उभी राहते, देवीचा एक श्वास होईपर्यंत.